प्रदर्शनातली ओळख आणि मोबाईलवरची उस्तवार

माझ्या गल्ल्याच्या खालच्या खणात रबरबँड लावलेले व्हिजिटिंग कार्डांचे एक जाडजूड पुडके बरीच वर्षे पडून होते. कापडाच्या एका मोठ्या प्रदर्शनातून मी ते आणले होते. तीन दिवस हॉलमधून पायपीट केली, शंभर-सव्वाशे लोकांशी हात मिळवले, चहा घेतला, 'जरूर भेटू' असे म्हणून निरोप घेतला आणि मालेगावला परतलो. गाडीभाडे, लॉज आणि खाणेपिणे मिळून पंधरा हजारांच्या वर खर्च झाला होता. गावी आल्यावर बाजाराच्या गडबडीत पंधरा दिवस गेले. मग एके दिवशी कार्डे काढून बसलो, तर निम्म्या नावांचे चेहरेसुद्धा आठवेनात. कोणाला ग्रे कापड हवे होते, कोणाला रंगीत, कोण दलाल होता आणि कोण खरा गिऱ्हाईक, काहीच उमजेना. चौघांना फोन केले. त्यांनाही मी आठवत नव्हतो.

त्याच दिवसांत, ज्याचा माल मी विकतो त्या यंत्रमागधारकाच्या चोवीस मागांपैकी दहा बंद पडलेले होते. माल उठत नव्हता आणि मजुरी मात्र दर आठवड्याला चुकवावी लागत होती. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "सेठ, एवढ्या लांब गेला होतात, काय आणलंत?" त्याला दाखवायला माझ्याकडे ते पुडके सोडून दुसरे काही नव्हते.

यात दोष प्रदर्शनाचा नव्हता. ओळखी झाल्या होत्या, पण त्या टिकवण्याची तजवीज मी केली नव्हती. पुढच्या खेपेला ती केली, आणि तीही खिशातल्या मोबाईलवर. त्यातून जे शिकलो ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडत आहे.

मेळावे मोठे झाले, भेटी अवघड झाल्या

पूर्वी मुंबईच्या मूलजी जेठा मार्केटमध्ये दोन दिवस फिरले की कापडाचा सारा बाजार डोळ्यांखालून जात असे. आता तसे राहिलेले नाही. 'भारत टेक्स' या प्रदर्शनाचेच उदाहरण घ्या. त्याचा पहिला मेळावा २६ ते २९ फेब्रुवारी २०२४ या काळात दिल्लीत झाला. जुन्या प्रगती मैदानावर उभारलेले भारत मंडपम आणि द्वारकेचे यशोभूमी अशा दोन ठिकाणी तो भरला होता. दुसरा मेळावा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. त्यातले मुख्य प्रदर्शन १४ ते १७ तारखेपर्यंत भारत मंडपममध्ये होते आणि हस्तकलेसारख्या वस्तूंचा भाग १२ ते १५ तारखेपर्यंत ग्रेटर नोएडाला होता. सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे दुसऱ्या वेळी पाच हजारांवर प्रदर्शक होते आणि १२० हून अधिक देशांतून खरेदीदार आले होते.

आता हिशेब करा. चार दिवस, रोज आठ तास, आणि एका स्टॉलवर दहा मिनिटे धरली, तरी मधे श्वास न घेता जेमतेम १९२ स्टॉल पाहून होतील. म्हणजे पाच हजारांतले चार टक्केसुद्धा नाहीत. तेव्हा 'जाऊ, फिरू, जो भेटेल तो भेटेल' ही पद्धत अशा ठिकाणी चालत नाही. कोणाला भेटायचे हे घर सोडण्यापूर्वी ठरले पाहिजे, आणि भेटलेला माणूस घरी परतल्यावरही हाताशी राहिला पाहिजे. या दोन्ही कामांना सोशल मीडिया उपयोगी पडतो. मधले काम, म्हणजे समोरासमोर बसून एतबार निर्माण करणे, ते मात्र माणसालाच करावे लागते.

हॅश चिन्हाची गोष्ट

आपली मुले मजकुरापुढे हॅशचे चिन्ह लावून शब्द लिहितात, त्याला हॅशटॅग म्हणतात. त्याचा उगमच मुळी मेळाव्याशी जोडलेला आहे. ट्विटर, ज्याचे नाव २०२३ मध्ये एक्स झाले, त्याचा खरा बोलबाला मार्च २००७ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरातल्या एका वार्षिक मेळाव्यात झाला. कोणत्या सभागृहात काय चालू आहे, कोण कोठे बसले आहे, हे लोक एकमेकांना त्यावरून कळवू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस मेसिना या गृहस्थाने सुचवले की, एका विषयाचे किंवा गटाचे संदेश एकत्र दिसावेत म्हणून शब्दापुढे हॅश लावावा. त्याने दिलेले उदाहरण 'बारकॅम्प' नावाच्या तंत्रज्ञांच्या मेळाव्याचे होते.

आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रदर्शनाचा स्वतःचा हॅशटॅग असतो. तो इन्स्टाग्राम किंवा लिंक्डइनवर शोधला की कोण येणार आहे, कोणता माल मांडणार आहे आणि स्टॉल कोणत्या हॉलमध्ये आहे, हे आठ-दहा दिवस आधीच कळू लागते. ही माहिती फुकट असते आणि दुकानात बसून मिळते.

निघण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट, आपले दुकान मोबाईलवर नीट मांडा. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ पासून आले आहे आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत. त्यात फर्मचे नाव, पत्ता, वेळ आणि मालाचा कॅटलॉग ठेवता येतो. फोटोच्या जागी फुलाचे चित्र किंवा नातवाचा चेहरा न ठेवता दुकानाची पाटी किंवा आपला माल ठेवावा. शक्य असल्यास या कामासाठी वेगळा नंबर घ्यावा. घरी बसून जरीकाम, भरतकाम किंवा शिवणकाम करणाऱ्या आपल्या बहिणींनी तर वेगळाच नंबर वापरावा. त्यामुळे घरचा नंबर अनोळखी लोकांच्या हाती जात नाही आणि धंदाही मोकळेपणाने करता येतो.

कॅटलॉगमध्ये 'उत्तम कापड, वाजवी भाव' असे लिहून काही साधत नाही. जाणकार गिऱ्हाईक आकडे शोधतो. सूत किती काउंटचे, रीड-पिक किती, पन्हा किती इंच, वजन किती, शंभर टक्के सुती की मिश्रण, आठवड्याला किती मीटर निघेल आणि कमीत कमी किती मीटरची ऑर्डर घ्याल, एवढे लिहा. '६०-६० कॅम्ब्रिक, ९२-८८, पन्हा ४८ इंच' ही एक ओळ दहा ओळींच्या तारीफेपेक्षा जास्त काम करते. कारागिराने एक नग बनवायला किती दिवस लागतात आणि महिन्याला किती नग देऊ शकतो, हे लिहावे. न झेपणारा आकडा मात्र कधीही लिहू नये.

दुसरी गोष्ट, वीस नावांची यादी करा. जास्त नको. परदेशी खरेदीदार, मोठ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी आणि मर्चंडायझर लिंक्डइनवर सापडतात. बुटीकवाले, डिझायनर आणि छोटे दुकानदार इन्स्टाग्रामवर असतात. आपल्या देशातला घाऊक बाजार व्हॉट्सॲपवर आहे. ज्याला जसा गिऱ्हाईक हवा, त्याने तेथे शोधावे. पालीला किंवा बालोत्र्याला प्रक्रियेसाठी ग्रे विकणाऱ्याने इन्स्टाग्रामवर रोज फोटो टाकण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. पैठणी, हिमरू किंवा भरतकाम करणाऱ्याला मात्र ते दुकानाच्या काचेसारखे आहे.

तिसरी गोष्ट, यादीतल्या प्रत्येकाला छोटा संदेश पाठवा. येथे माझ्यासारख्यांची अडचण होते. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजीत पत्र लिहायचे म्हणजे पूर्वी मी शेजारच्या वकीलसाहेबांच्या मुन्शीकडे जात असे. आता मी मजकूर उर्दूत किंवा मराठीत तयार करतो, मोबाईलवर त्याचे भाषांतर करून घेतो आणि पाठवण्यापूर्वी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला वाचून दाखवतो. यंत्राचे भाषांतर धंद्याच्या शब्दांत हमखास चुकते. एकदा त्याने 'ताणा' या शब्दाचा अर्थ टोमणा असा केला होता. मुलीच्या लक्षात आले म्हणून वाचलो, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटले असते की आम्ही साठ नंबरचा टोमणा मारतो.

संदेशात चार गोष्टी पुरेत. मी कोण, काय बनवतो किंवा विकतो, तुमच्याशीच का बोलायचे आहे, आणि कोणत्या दिवशी किती वाजता दहा मिनिटे द्याल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'आपण लहान मुलांचे कपडे बनवता असे दिसले. त्यासाठी लागणारे मऊ कॅम्ब्रिक आमच्याकडे विणले जाते' असे लिहिले तर माणूस उत्तर देतो. एकच संदेश शंभर जणांना पाठवला, तर तो पहिल्या ओळीतच ओळखला जातो. अनोळखी माणसाला तीन मिनिटांचा आवाजी संदेश तर मुळीच पाठवू नका. कामात असलेला माणूस तो ऐकत नाही.

प्रदर्शनात वावरताना

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपल्या नंबरचा क्यूआर कोड मिळतो. समोरच्याने तो स्कॅन केला की आपल्याशी बोलण्याची खिडकी त्याच्या मोबाईलवर थेट उघडते. हा कोड मी कार्डाच्या मागच्या बाजूला छापून घेतला. त्याचा एक फायदा असा की पहिला संदेश त्याच्याकडून येतो. म्हणजे आपण आगंतुक ठरत नाही. 'माझा नंबर सेव्ह करून ठेवाल का?' असेही तेथेच विचारावे. कारण पुढे ब्रॉडकास्ट यादीतून काही पाठवले, तर ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच ते पोहोचते. अशा एका यादीत २५६ नावे घेता येतात, पण नंबर सेव्ह नसेल तर त्या नावांचा उपयोग शून्य. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने अनेक व्यापारी महिनोन्‌महिने भाव पाठवत राहतात आणि उत्तर का येत नाही म्हणून नशिबाला दोष देतात.

स्टॉलवरून बाजूला झाल्याबरोबर दोन ओळींची नोंद करा. नाव, गाव, काय हवे, केव्हा हवे, आणि आठवण राहील अशी एखादी खूण. 'कोईमतूरचे गृहस्थ, नाइटीचे कापड, दिवाळीनंतर, गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसून बोलले' एवढे लिहिले की वर्षानेही चेहरा डोळ्यांसमोर येतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये प्रत्येक नावाला लेबल लावण्याची सोय आहे. मी तीनच लेबले ठेवली आहेत: नमुना पाठवायचा, भाव कळवायचा, फक्त सलाम-दुआ. तिसरे लेबलही टाकाऊ समजू नका. आजची सलाम-दुआ पुढच्या हंगामात सौदा होऊ शकते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका प्रदर्शनात दक्षिणेकडील एका विणकराच्या स्टॉलवर फार सुंदर चौकडी पाहिली. त्याने मला आपुलकीने बसवले, माल उलगडून दाखवला. मी मोबाईल काढून फोटो घेतला आणि त्याला न विचारता आमच्या बाजाराच्या ग्रुपवर टाकला. हेतू वाईट नव्हता. 'पाहा, लोक काय काय बनवतात' एवढेच दाखवायचे होते. पण तो फोटो ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत संध्याकाळपर्यंत त्याच्याकडेच परत पोहोचला. दुसऱ्या दिवशी त्याने मला पाहिले, पण बसा म्हटले नाही. "हे डिझाइन बसवायला आम्हाला चार महिने लागले," एवढेच बोलला. मी मान खाली घालून बाहेर पडलो.

विणकराचा नमुना ही त्याची पुंजी असते. ग्रुपमध्ये हजारावर माणसे असू शकतात, आणि एकदा गेलेला फोटो परत येत नाही. म्हणून फोटो घेण्यापूर्वी विचारा. कोठे टाकायचा असेल तर ते वेगळे विचारा, आणि टाकताना मालकाचे नाव लिहा. 'फोटो काढू नये' अशी पाटी असेल तर मोबाईल खिशातून काढूच नका. त्याचप्रमाणे कोणालाही न विचारता ग्रुपमध्ये ओढू नये, कारण त्याचा नंबर सर्वांना दिसतो.

संध्याकाळचा अर्धा तास

दिवसभर पाय दुखतात आणि लॉजवर गेल्याबरोबर आडवे व्हावेसे वाटते. पण हाच अर्धा तास सोन्याचा आहे. त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकाला त्याच रात्री दोन ओळी लिहा. 'आज हॉलमध्ये आपली भेट झाली. आपण जो पन्हा विचारलात त्याचा नमुना आठ दिवसांत पाठवतो.' समोरचाही दिवसभरात शेकडो लोकांना भेटलेला असतो. पहिल्या चोवीस तासांत ज्याचा संदेश येतो, तो त्याच्या ध्यानात राहतो. पंधरा दिवसांनी पाठवलेला संदेश म्हणजे माझे रबरबँडचे पुडके.

परदेशी माणसाला लिहिताना त्याची घड्याळे आणि सुट्ट्या पाहाव्यात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि ढाका अर्धा तास पुढे. सौदी अरेबिया आणि बांगलादेशात शुक्रवार-शनिवारची सुट्टी असते. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी सुरू झाली आणि सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारीच बंद होऊ लागल्या. भाव मागण्याचा संदेश शुक्रवारी दुपारी पाठवून उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नमुन्याशिवाय सौदा नाही

मोबाईलच्या पडद्यावर कापड हाताला लागत नाही. शिवाय व्हॉट्सॲप साध्या रीतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करते, त्यात वीण पुसट होते. म्हणून फोटो एचडी पर्यायाने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, दिवसाच्या उजेडात काढावा, आणि शेजारी फूटपट्टी ठेवावी. तरीसुद्धा प्रत्येक मोबाईलवर रंग निराळा दिसतो. माझ्याकडचा मोतिया रंग एका गिऱ्हाइकाच्या पडद्यावर पिवळा दिसला आणि त्यावरून वाद होता होता टळला. तेव्हापासून 'रंग नमुन्याप्रमाणे, फोटोप्रमाणे नाही' हे वाक्य मी प्रत्येक फोटोखाली लिहितो. कापडाचा तुकडा टपालाने किंवा कुरिअरने पाठवा, त्यावर नंबर घाला आणि तसाच तुकडा आपल्याजवळ ठेवा.

भाव, मीटर, माल देण्याची तारीख आणि पैशाची मुदत फोनवर ठरली, तरी लगेच संदेशात लिहून समोरच्याकडून 'कबूल' असे उत्तर घ्यावे. आपल्या बाजारात जबानी सौद्याची परंपरा मोठी आहे आणि ती चांगलीही आहे, पण हजार किलोमीटरवरच्या नव्या माणसाशी लिहिलेले बरे. ज्या यंत्रमागधारकाची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून आहे, त्याचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या माझ्यासारख्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. म्हणून आम्ही मुदत लिहून घेण्यात अधिकच जागरूक राहिले पाहिजे.

सावधगिरी

जेथे गर्दी तेथे पाकीटमार. प्रदर्शनानंतर मोबाईलवर गोड बोलणारे खोटे खरेदीदारही येतात. मोठी ऑर्डर, भावात घासाघीस नाही आणि घाई फार, ही त्यांची लक्षणे. अशा वेळी समोरच्याचा जीएसटी नंबर मागा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की फर्मचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे लॉगिन न करता दिसते. आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. त्याच्या गावातल्या एखाद्या दलालाला किंवा नातलगाला विचारून घ्यावे, ही जुनी रीतही सोडू नये.

'ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबा. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

परतल्यानंतर

गावी आल्यावर रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे संदेश पाठवून संबंध वाढत नाहीत, उलट माणूस आपले नाव म्यूट करून ठेवतो. महिन्यातून एकदा, पण कामाचे लिहावे. सुताचा भाव चढला, नवीन पन्हा सुरू केला, ईदमुळे किंवा दिवाळीमुळे अमुक दिवस कारखाना बंद राहील, अशी बातमी गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडते. आपल्याकडे नसलेला माल त्याने विचारला तर तो ज्याच्याकडे आहे त्याचे नाव, त्याची परवानगी घेऊन, बेशक सांगावे. अशाने गिऱ्हाईक जात नाही, पुढच्या वेळी आधी आपल्यालाच विचारतो.

आता माझा हिशेब. दुसऱ्या खेपेला मी एकतीस नावे आणली. नऊ जणांनी उत्तर दिले. तिघांनी नमुने मागवले. त्यांपैकी एकाने, त्याच कोईमतूरच्या गृहस्थाने, आठ हजार मीटर कॅम्ब्रिक घेतले आणि पैसे ठरल्या दिवशी पाठवले. मग पुन्हा घेतले. एकतीसमधून एक, हे कोणाला थोडे वाटेल. पण बंद पडलेल्या दहा मागांपैकी सहा त्या ऑर्डरवर सुरू झाले आणि यंत्रमागधारकाने मला पुन्हा 'काय आणलंत' असे विचारले नाही.

ज्या विणकराचा फोटो मी न विचारता फिरवला होता, त्यालाही मी संदेश लिहिला होता. उत्तर आले नाही. शेवटी पुढच्या प्रदर्शनात त्याच्या स्टॉलवर जाऊन उभा राहिलो आणि माफी मागितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने स्टूल पुढे सरकवले आणि चहा सांगितला. त्या दिवशी मोबाईल मी खिशातच ठेवला होता.